राखाडी चौकोन

४ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

अनेक आशीर्वाद. पत्राचं पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. बिघडलाय तो संगणक.

मागच्या मंगळवारी सकाळी सुरू केला तर म्हणाला, अपडेट होतोय, बंद करू नका. मी आज्ञाधारक माणूस, बंद केला नाही. पावणेदोन तास पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते आणि मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होतो. मग एकदाचा पडदा उजळला. सगळं नवंकोरं, कोपरे गोल केलेले, आणि ओळखीचं एक बटण जागेवर नाही. तेही चालवून घेतलं असतं, पण फोटो उघडत नाहीत. टपालाच्या तिकिटाएवढे छोटे छोटे रांगेने दिसतात. त्यातल्या एकावर दोनदा टिचकी मारली की मोठ्या खिडकीत नुसता राखाडी चौकोन येतो आणि खाली एक ओळ, "ही फाइल दाखवता येत नाही."

सोबत पडद्याचं चित्र काढून पाठवतोय, निम्म्या मापात. पस्तीस वर्षं पाण्याच्या नळांचे नकाशे काढले, त्यामुळे समोर असेल ते आणि असेल तसंच काढायची खोड जात नाही. राखाडी रंग पेन्सिलीचा तिरका हात मारून दाखवलाय.

फोन का केला नाही म्हणशील. माझ्या कानांची गत तुला ठाऊक आहे. मी हो म्हणतो आणि कशाला हो म्हटलं ते मला दुसऱ्या दिवशी कळतं. मावशीला हल्ली फोनचा कंटाळा येतो. पत्र बरं, पुन्हा पुन्हा वाचता येतं.

तशी घाई नाही, पण फार उशीरही नको. मावशी रोज दुपारी चार ते साडेपाच फोटो बघते. तू नऊ वर्षांची आमच्याकडे राहायला आलीस तेव्हापासूनचे आणि त्याच्या आधीचे मिळून अकराशे चाळीस आहेत. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर तिने ते एकच काम हातात घेतलं होतं. अल्बममधला एकेक फोटो यंत्राखाली ठेवून संगणकात उतरवला आणि पुस्तकांची कार्डं लिहायची तशी प्रत्येकाला नावं दिली. अल्बम पुढे वाळवीने खाल्ले, म्हणून सध्या छोट्या फोटोंवर भागवते, नाक काचेला टेकवून.

बाकी मावशी मजेत आहे. माझ्या टेबलावरची खोडरबरं आता कुणी पळवत नाही, त्यामुळे एकेक वर्षानुवर्षं पुरतं.

तुझा,
काका

१३ फेब्रुवारी

प्रिय काका,

तुमचं चित्र मी कामावर सगळ्यांना दाखवलं. आमच्या दुरुस्ती-केंद्रात दिवसभर कानाला फोन आणि पलीकडे तापलेली माणसं. कुणी म्हणतं "काहीतरी येतंय", कुणी म्हणतं "काहीच येत नाही". आमच्या मुख्य बाई तुमचं चित्र बघून म्हणाल्या, लोक अशा तक्रारी नोंदवायला लागले तर आपलं निम्मं काम वाचेल.

काळजी करू नका, ही तक्रार आमच्याकडे आठवड्याला दहा वेळा येते. संगणक छोट्या नमुन्यांचा एक साठा करून ठेवतो. अपडेटनंतर जुना साठा आणि नवा प्रोग्रॅम यांचं जमत नाही आणि सगळं अडतं. तो साठा पुसला की संगणक दोन मिनिटांत नवा तयार करतो आणि मोठे फोटोही उघडायला लागतात. मूळ फोटोंना धक्का लागत नाही, हे आधी सांगून ठेवते. वेगळ्या कागदावर सात पायऱ्या लिहिल्यात. सहाव्या पायरीला तो विचारेल, "नक्की पुसायचं का?" बिनधास्त हो म्हणा.

नाहीच जमलं तर मी इथे बसून तुमचा पडदा माझ्या पडद्यावर उघडू शकते. मला तुमची खोली दिसणार नाही, फक्त संगणकाच्या आतलं दिसेल. तुम्ही हो म्हणालात की पुढच्या पत्रात ते कसं करायचं ते लिहीन.

मावशीला सांगा, मी तिला दोनदा फोन केला होता. तिने उचलला आणि काही न बोलता ठेवून दिला. लाइनच खराब असेल. चार वर्षांत येणं झालं नाही, ते माझ्या डोक्यात आहे. या वर्षी नक्की येते.

घाईत लिहितेय, रागावू नका.

तुमची,
खोडरबर

२४ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

सातही पायऱ्या केल्या. एकेक झाली की पेन्सिलीने बरोबरची खूण केली. सहाव्या पायरीला हो म्हटलं.

आता छोटे फोटोही नाहीत. त्यांच्या जागी कोपरा दुमडलेले पांढरे कागद आलेत, सगळे सारखे, खाली नावं. तू दोन मिनिटं लिहिली होतीस, मी दोन दिवस थांबलो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पाटी पुसून लख्ख केली होती जणू, तिच्यावर पुन्हा काही उमटलं नाही.

मूळ फोटोंना धक्का लागत नाही असं तू लिहिलं आहेस, ती ओळ मी पुन्हा वाचली. माझा तुझ्यावर विश्वास आहे.

मावशीचं मात्र जरा बिनसलंय. चार वाजले की त्या खुर्चीत जाऊन बसते आणि पांढऱ्या कागदांकडे बघत राहते. मी म्हटलं, चल, जरा बाहेर चक्कर मारून येऊ. नको म्हणाली. जेवणावरही वासना नाही. हवा बदलतेय, त्यामुळे असेल.

दुरून आमचा पडदा उघडायचं म्हणतेस, ते नको. खोली दिसणार नाही हे कळलं, तरी नको. शेजारचा घड्याळवाला मदतीला येतो म्हणत होता, त्यालाही दारातूनच वाटेला लावलं. त्या खोलीत सध्या पसारा आहे आणि मावशीला अनोळखी माणूस आलेला खपत नाही. तू लिहून सांग, मी करतो. हात अजून स्थिर आहे.

लवकर लिही. मागच्या पत्रात मी घाई नाही असं लिहिलं होतं, ते खोडलंय असं समज.

तुझा,
काका

५ मार्च

प्रिय काका,

पत्र मिळालं. दर आठवड्याला दहा लोकांना मी तोच उपाय सांगते आणि दहातल्या नऊ जणांचं काम होतं. तुमचं नेमकं दहावं निघालं. आधी नीट विचारायला हवं होतं, ते न करता मी पुसायला सांगून मोकळी झाले. नाव ठेवलंत ते सार्थ केलं म्हणायचं.

फोटो आत आहेत, एवढं मात्र शपथेवर सांगते. फक्त नव्या प्रोग्रॅमला ते फोटो आहेत हे कळत नाहीये. का कळत नाही ते मला बघावं लागेल. आता अंदाजाने काही सांगणार नाही.

म्हणून एक काम करा. फोटोंचा तो कप्पा उघडा. वरच्या पट्टीत "तपशील" असं एक बटण असेल, ते दाबा. पांढरे कागद जातील आणि नावांची यादी येईल. ती यादी मला काढून पाठवा, पण या वेळी पूर्ण मापात. नावातलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक टिंब, जिथे नाव संपतं ती जागा. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काहीही गाळू नका. मला लहानपणी तुम्ही टेबलाशी बसवून शिकवलं होतं तसं, "दिसतं ते काढायचं, माहीत आहे ते काढायचं नाही."

मावशी माझ्यावर रागावली आहे का? खरं सांगा. मी पुन्हा फोन केला होता. या वेळी तिने विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, मावशी, मी आहे. तर म्हणाली, "त्या बाहेर गेल्यात," आणि ठेवला. चार वर्षं आले नाही म्हणून चिडली असेल तर चिडू दे, तिचा तो हक्कच आहे. पण जेवण सोडू नको म्हणावं तिला.

तुमची,
खोडरबर

१९ मार्च

प्रिय खोडरबर,

सोबत चित्र आहे. तीन दुपारी लागल्या. अर्धपारदर्शक कागद थेट काचेवर लावून काढलंय, त्यामुळे मापात चूक असेल तर ती संगणकाची.

यादी लांब आहे, पडद्यावर एका वेळी मावली तेवढी बावीस नावं काढलीत. वाचून तुला गंमत वाटेल. "बहीण आणि मी नदीच्या पुलावर. ती डावीकडे. ती आता नाही." "यजमान कामावर. उंच टेबल. कानात पेन्सिल." पेन्सिल कानावर असते, कानात नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. पण ग्रंथालयवाल्यांना दुसऱ्याने सुधारलेलं चालत नाही.

तू काहीही गाळू नका म्हणालीस. पडद्याची कड काढताना माझा हात एकदा थांबला होता. पण नोकरीत माझ्या हाताखालच्या एकाने नकाशातून एक जुना नळ गाळला होता, कामाचा नाही म्हणून. पुढे खणणाऱ्यांची कुदळ त्याच्यावरच बसली आणि अख्खा रस्ता दोन दिवस पाण्यात होता. तेव्हापासून मी काही गाळत नाही. काढलंय सगळं.

मावशी रागावलेली नाही.

तुझा,
काका

२७ मार्च

प्रिय काका,

पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी वाचल्या.

आमच्याकडे सुटे भाग जोडणाऱ्या बाई आहेत, त्यांचं भिंग मागून आणलं. तुम्ही तांदळाएवढी अक्षरं काढलीत, पण एकही गिचमीड नाही. डाव्या कडेला वरून पहिली: "चहा पिऊन झाला आहे." तिच्याखाली: "दार आपलंच आहे. बाहेर जायचं नाही." उजव्या कडेला: "चार वाजता फोटो." आणि सगळ्यांत खाली, बाकीच्यांपेक्षा मोठी: "कानात यंत्र असलेले गृहस्थ म्हणजे यजमान. भ्यायचं नाही."

ती अक्षरं मावशीची आहेत. तुम्ही तिच्या वेलांट्यासुद्धा तशाच काढल्यात.

मी जेवणाच्या सुट्टीत वाचत होते. मग उठून जिन्यात जाऊन बसले, कुणी बघू नये म्हणून. किती दिवस झाले, काका? मला का नाही सांगितलंत?

खरं तर हे विचारायचा मला काय अधिकार. चार वर्षांपूर्वी शेवटची आले होते तेव्हा मावशीने मला एका सकाळी तीनदा विचारलं, गाडी किती वाजताची आहे. तिसऱ्या वेळी मी तिच्यावर खेकसले, "तुझं लक्ष असतं कुठे?" तिने मान खाली घातली आणि माझा डबा भरायला लागली. मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच आले नाही. कामाचं निमित्त होतं, ते दरवर्षी वापरलं. लोकांच्या संगणकाला काय झालंय ते मी दोन मिनिटांत ओळखते, आणि आपल्या माणसाला काय झालंय ते ओळखून त्याच्याकडे कानाडोळा केला.

बिघाड सापडलाय, तो आता लिहिते. फोटोच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं, टिंब आणि तीन इंग्रजी अक्षरं. हा फोटो आहे, हे नवा प्रोग्रॅम त्या शेपटावरून ओळखतो. मावशीने नावं देताना ती शेपटं काढून टाकलीत, बावीसच्या बावीस. तिला ती कार्डावरची घाण वाटली असणार. प्रत्येक वेळी संगणकाने बजावलं असेल की असं केलंत तर फाइल चालणार नाही, आणि अकराशे चाळीस वेळा ती हो म्हणाली असेल. जुना प्रोग्रॅम समजूतदार होता. नाव काही का असेना, आत काय आहे ते बघून तो फोटो दाखवायचा. नवा आत बघतच नाही.

तुम्ही यादीतल्या फक्त एकाच नावाला शेपूट लावून बघा. बाकीच्यांना हात लावू नका, ते मी येऊन करते. सतरावं नाव घ्या. कसं करायचं ते मागच्या पानावर लिहिलंय.

सतरावंच का म्हणून विचारू नका. "आमची मुलगी. दात पडलेले. बहिणीची म्हणायचं नाही." हे मी कालपासून किती वेळा वाचलं त्याची गणती नाही.

मी नऊ एप्रिलला सकाळी पोहोचते. तिकीट काढलंय.

तुमची,
खोडरबर

३ एप्रिल

प्रिय खोडरबर,

तू वाचलंस ते बरं झालं. मला तोंडाने सांगता येत नव्हतं, हाताने सांगितलं.

सव्वादोन वर्षं झाली. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी मावशीने माझ्याकडून वचन घेतलं, तुला कळवायचं नाही. म्हणाली, "तिला कळलं तर ती धावत येईल. आणि ती आली आणि मी ओळखलं नाही, तर तिने काय करायचं? एकदा तिची आई गेली आहे." मग दुसऱ्या दिवसापासून फोटोंना नावं द्यायला बसली. मला वाटायचं, कामाची हौस. ती स्वतःसाठी लिहून ठेवत होती.

फोटो होते तोवर निभावलं. चार वाजता बसायची, नाव वाचायची, फोटो बघायची, आणि साडेपाचला उठायची तेव्हा तिला सगळी माणसं पुन्हा ठाऊक झालेली असायची, मीसुद्धा. रात्रीपर्यंत पुरायचं. सकाळी परत थोडं विरलेलं. पण चार वाजता पुन्हा भरता येतं, हा मला आधार होता.

छोटे फोटो गेले त्या दुपारी तिने विचारलं, माणसं कुठे गेली? मी म्हटलं, येतील. चार दिवस विचारत होती. पाचव्या दिवशी विचारायचं सोडलं. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर उशी छातीशी धरून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "तुम्ही कुणाकडे आला आहात?" चिठ्ठी दाखवली तेव्हा कुठे शांत झाली. हल्ली मी खोलीत शिरण्याआधी कानातलं यंत्र नीट दिसेल असं बसवतो.

हे तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नकोस. ती पायरी उतरायचीच होती, असं डॉक्टर म्हणतात. आणि चूक मोजायची तर पहिली माझी. फेब्रुवारीत पहिलं चित्र काढलं तेव्हाही चिठ्ठ्या कडेला होत्या. तेव्हा मी काचेच्या आतलं तेवढंच काढलं आणि कड गाळली. तीच कड त्या दिवशी काढली असती तर तू पुसायला सांगितलं नसतंस, स्वतः आली असतीस. आयुष्यात नकाशातलं एकदाच गाळलं, ते इथे.

सतराव्या नावाला शेपूट लावलं. टिंब, तीन अक्षरं, आणि टिचकी. काचेवर तू. बाजूचे दोन दात नाहीत आणि हातात माझं खोडरबर.

मावशी शेजारीच होती. तिने नाव मोठ्याने वाचलं, मग फोटोकडे बघितलं. म्हणाली, "गोड आहे. कुणाची?" मी म्हटलं, आपली. तिने नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "आपल्याला मुलगी आहे?" त्या दिवशी ती पोटभर जेवली.

नऊ तारखेला ये. मी स्टेशनवर येत नाही, तिला एकटं सोडता येत नाही. किल्ली घड्याळवाल्याकडे ठेवत नाही, मी दाराशीच उभा राहीन, कारण घंटी मला ऐकू येत नाही.

तुझा,
काका

२२ एप्रिल

प्रिय काका,

सुखरूप पोहोचले, लिहायला मात्र आठवडा लागला. निघताना तुम्ही दारात विचारलंत, काही बोलली का ती तुझ्याशी? मी म्हटलं, विशेष काही नाही. ते खोटं होतं. तुमच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं आणि ती आतच होती. म्हणून लिहिते.

तुम्ही पहिल्या दिवशी तिला म्हणालात, "बघ कोण आलंय," आणि भाजी आणायला गेलात. ती माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या हत्यारांच्या खोक्याकडे बघत होती. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बसा. बरं झालं आलात. आमच्या संगणकाचं काहीतरी बिघडलंय."

काका, तिने मला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मी बसले आणि काम सुरू केलं, दुसरं काय करणार.

शेपटं लावायला एक छोटा प्रोग्रॅम लिहून नेला होता. अकराशे चाळीस नावांना चाळीस सेकंदं लागली. तिच्या लिहिण्यातलं एकही अक्षर बदललं नाही, आणि शेपटं दिसणार नाहीत अशी सोय केली, नाहीतर तिने पुन्हा खोडली असती. पांढरे कागद एकेक करून फोटो व्हायला लागले तशी ती पुढे वाकली. पदराने काच पुसली. म्हणाली, "आली की हो सगळी." मला वाटलं, आता ओळखेल. पण ती नावं वाचत होती, आणि एकेका फोटोकडे परक्याच्या घरचं लग्न बघावं तसं कौतुकाने बघत होती. एकदा म्हणाली, "चांगली माणसं दिसतात. कुठे राहतात?"

मग माझा फोटो आला, दात पडलेला. ती थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ही आमची मुलगी. तीही हेच काम करते, तुमच्यासारखं. ती इथे असती तर तुम्हाला त्रास दिला नसता. पण तिला फार काम असतं."

मी मान खाली घालून उगाच बटणं दाबत राहिले. तिला वाटलं, मला वाईट वाटलं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हीही छान करता हो."

नंतरचे पाच दिवस मी तिच्यासाठी दुरुस्तीच्या बाईच होते, तुम्ही बघितलंत. तुम्ही तिला सारखे समजावत होतात की ही आपलीच आहे, आणि ती हसून मान हलवत होती, तुमचं मन मोडू नये म्हणून. मला ते बघवत नव्हतं, म्हणून एक दिवस आधी निघाले. मुख्य बाईंचा निरोप आला होता हेही खोटं.

पुढे कधी येऊ ते कळत नाही. तिला माझी आठवण म्हणून जी मुलगी हवी आहे ती तिच्याजवळ आहे, सतराव्या नावाला. मी समोर येऊन तिच्यात नसता गोंधळ कशाला घालू? फोटो नीट दिसत नसतील तर मात्र लगेच कळवा.

तुमची,
खोडरबर

६ मे

प्रिय खोडरबर,

पत्र दोनदा वाचलं, मग घडी करून खिशात ठेवलं. तू जे ऐकलंस ते मी ऐकलं नाही, पण भाजी घेऊन परतलो तेव्हा, तू संगणकाशी बसलेली असताना, तिचा चेहरा मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितला आहे. तो तुला दिसत नव्हता, तू पडद्याकडे बघत होतीस.

मी तिला समजावणं सोडलंय. माझाच हट्ट होता तो.

आता इथली हकीकत. अकराशे चाळीसही फोटो नीट दिसतात. चार वाजता आम्ही दोघं बसतो, ती नावं वाचते, मी माणसं दाखवतो. काही काही दिवस मी तिला ओळखीचा वाटतो, काही दिवस नाही. तू जे आणून दिलंस ते वाया गेलेलं नाही, पण पूर्वीइतकं पुरत नाही, हेही खरं सांगतो.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पडदा काळा झाला. मागे वाकून बघितलं तर तार निघालेली. बसवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी दाराआड उभा राहिलो. चार वाजायच्या सुमाराला ती आली, इकडेतिकडे बघितलं, टेबलामागे हात घालून तार ओढली, आणि खुर्चीत येऊन शहाण्यासारखी बसली. मी आत गेलो तर म्हणाली, "हे परत बिघडलं. त्या बाईंना बोलवायला पाहिजे."

मी तार बसवली. पडदा लागला. ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. त्यांनाच बोलवा."

सोबत चित्र पाठवतोय, पूर्ण मापात, कडेसकट. भिंग लागणार नाही. उजव्या कडेला "चार वाजता फोटो" च्या खाली एक नवी चिठ्ठी आहे. सहा महिन्यांत तिने एकही चिठ्ठी लिहिली नव्हती, अक्षर विसरली असं मला वाटत होतं. ओळ वर चढली आहे आणि एक वेलांटी राहिली आहे, ती मी चित्रात तशीच ठेवली आहे: "दुरुस्तीच्या बाई आवडल्या. परत बोलावणे."

तिला आमची मुलगी माहीत आहे, ती सतराव्या नावाला आहे, तू म्हणतेस ते बरोबर. पण ती वाट बघते आहे ती फोटोतल्या मुलीची नव्हे. तू नऊ वर्षांची आमच्याकडे आलीस तेव्हा तूही तिला महिनाभर "अहो मावशी" म्हणत होतीस आणि खुर्चीच्या टोकावर बसत होतीस. तिने तेव्हा तुला काही समजावलं नव्हतं. रोज चार वाजता शेजारी बसायची, एवढंच.

तेव्हा संगणक चालू स्थितीत आहे, तरी तक्रार नोंदवून घे आणि ये. मी दाराशी उभा असेन आणि आत वळून सांगेन, दुरुस्तीच्या बाई आल्या. येताना तुझं ते खोकं आठवणीने आण, नाहीतर तिला पटायचं नाही.

तुझा,
काका